हिरवळीचे खत आणि नत्राचा निचरा : हॉवर्डच्या एका भेदाची चिकित्सा

सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ (१९४०) या ग्रंथात हिरवळीच्या खतांचा विचार करताना एक भेद केलेला आहे, व तोच त्या विवेचनाचा सर्वांत मोलाचा भाग होय. जमिनीत साचलेले नायट्रेट वाहून जाऊ न देणे हा एक हेतू. ह्यूमस निर्माण करणे हा दुसरा. आपल्याकडे ‘हिरवळीचे खत’ या एका शब्दाखाली दोहोंची सरमिसळ होते, आणि युरोपातील ‘कॅच क्रॉप’ म्हणजेच आपला ताग वा धैंचा, असे समीकरण सहज मांडले जाते.

हे समीकरण टिकत नाही. उत्तर युरोपात धान्य निघाल्यावर शेत मोकळे पडते, थंडीत पाऊस पडतो व बाष्पीभवन नाममात्र असते. ऋणभारित नायट्रेटला ऋणभारित चिकणमाती धरून ठेवू शकत नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरते. म्हणून मोहरी किंवा राय पेरून ते मुळांत अडवावयाचे. डेन्मार्कमध्ये तर अशी पिके कायद्यानेच बंधनकारक आहेत.

पुणे जिल्ह्यात धोक्याचा काळ निराळा आहे. उन्हाळाभर तापलेल्या जमिनीवर जूनची पहिली सर पडताच सूक्ष्मजीव जागे होतात, नायट्रेट एकाएकी वाढते, आणि काळ्या जमिनीच्या भेगांतून पाणी थेट खोल जाते. त्या वेळी पीक जेमतेम बोटभर असते. अडवणारे पीक मे महिन्यातच उभे हवे, आणि मे महिन्यात पाणी नसते! जूनमध्ये पेरलेला ताग जमिनीतील थोडे नत्र उचलतो हे खरे. पण तो शिंबावर्गीय असल्याने हवेतील नत्राची त्यात भर घालतो, आणि फुलोऱ्यात गाडला की कोवळेपणामुळे लवकर कुजून ते ऐन पावसाळ्यात मोकळे करतो. खत म्हणून हा गुण; निचऱ्याच्या दृष्टीने तोच दोष. त्या मानाने बाजरीत तुरीची जुनी मिश्रपद्धती अधिक विचारार्ह ठरते. बाजरीची तंतुमय मुळे वरच्या थरातील नत्र टिपतात. बाजरी निघाल्यावरही तूर खोल मुळांनी जमीन राखते. पेरणीनंतरचे पहिले काही आठवडे मात्र तिच्याही हाती नाहीत. तेथे युरिया एकदम न देता हप्त्यांनी देणे हाच उपाय.

मावळातील भातखाचरांना तर हा सिद्धान्त आणखी जपून लावावा लागतो. चिखलणीनंतर पाण्याखालच्या जमिनीतील नायट्रेट पुष्कळसे वायुरूपाने निघून जाते. युरियाचे नत्रही अमोनियारूपाने हवेत जाते. (राब भाजताना शेणपाल्यातील नत्र त्याआधीच धुरावाटे गेलेले असते.) जे हवेत जाते ते अडवणारे पीक कोणते?

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. आकुर्डीत आता शेतीपेक्षा कारखाने व वसाहती अधिक. पण तेथील नळाचे पाणी रावेत येथे पवना नदीतून उचलले जाते, आणि ती नदी मावळच्या खाचरांमधून वाहत येते. नदीतील जलपर्णी पाहून वरच्या शेतकऱ्याच्या खताकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु नागरी सांडपाण्यातही नत्र विपुल असते, आणि ते कोणत्याही पिकाच्या मुळाशी न जाता थेट प्रवाहात पडते. शेतातून झिरपणाऱ्या नत्राचे मोजमाप, विशेषतः पहिल्या पावसातले, वेगळे केल्यावाचून कॅच क्रॉपची शिफारस करणे म्हणजे दुसऱ्याच्या दोषाचे प्रायश्चित्त शेतकऱ्याला सांगणे होय.