शाळेचे प्रश्न आणि घराची उत्तरे

शाळा आणि विद्यार्थ्यांची कुटुंबे ह्यांच्या परस्परसंबंधांविषयी अमेरिकेत विपुल लेखन झाले आहे. तेथील शालेय कारभार सुमारे १३,००० स्थानिक शालेय जिल्ह्यांकडे विभागलेला असल्यामुळे हे लेखन बहुधा ह्या जिल्ह्यांना उद्देशून असते. त्यातील परिभाषेकडे भाषाभ्यासकाचे लक्ष सहज जाते. २००१ च्या संघराज्यीय शिक्षण कायद्यात 'पालकांचा सहभाग' असा शब्दप्रयोग होता. २०१५ च्या कायद्याने त्याच्या जागी 'पालक व कुटुंब ह्यांच्याशी अनुबंध' अशा अर्थाची संज्ञा योजिली. आज 'भागीदारी' हा शब्द रूढ आहे. संज्ञा बदलली खरी. परंतु तिच्याबरोबर संबंधही बदलला काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

ह्या विषयातील दोन मांडण्या विशेष प्रभावी ठरल्या. जॉइस एप्स्टीन ह्यांनी १९९५ मध्ये सहकार्याचे सहा प्रकार सांगितले : पालकत्वास साहाय्य, संपर्क, स्वयंसेवा, घरचा अभ्यास, निर्णयातील वाटा आणि समाजाशी सहयोग. विस्कळीत प्रयत्नांना ह्या वर्गीकरणाने शिस्त लावली, हे श्रेय निःसंशय मोठे आहे. तथापि ह्यांतील बहुतेक प्रकारांची आखणी शाळेपासून सुरू होते; घराने शाळेच्या कार्यात कोठे यावे, हेच त्यांत प्रामुख्याने सांगितलेले असते. कॅरन मॅप व पॉल कटनर ह्यांनी २०१३ मध्ये सिद्ध केलेली 'दुहेरी क्षमताबांधणी'ची चौकट एक पाऊल पुढे जाते. उणीव केवळ पालकांत नसून शिक्षकांतही आहे आणि दोघांचीही तयारी करावयास हवी, असे ती स्पष्ट म्हणते. कुटुंबाजवळच्या ज्ञानाचा आदर करण्यासही ती सांगते. मात्र हे ज्ञान कोणत्या बोलण्यातून प्रकट होते आणि ते शिक्षकाला ऐकू का येत नाही, ह्या प्रश्नाला तिने पुरेसे महत्त्व दिलेले नाही, असे आम्हांस वाटते.

ह्याचे उत्तर शर्ली ब्राइस हीथ ह्यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेज विथ वर्ड्स' ह्या ग्रंथात सापडते. कॅरोलिनांच्या पीडमाँट प्रदेशातील दोन श्रमिक वस्त्यांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. रोडव्हिल ही गोऱ्यांची आणि ट्रॅक्टन ही कृष्णवर्णीयांची, अशी नावे त्यांनी त्या वस्त्यांना दिली. ट्रॅक्टनमधील वडीलधारी माणसे मुलांना 'हा रंग कोणता?' असे क्वचितच विचारीत. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक आहे असा प्रश्न विचारण्याची तेथे रीत नव्हती. 'हे कशासारखे दिसते?' हा मात्र तेथील नित्याचा प्रश्न होता. शाळेत शिक्षिकेने पहिल्या प्रकारचे प्रश्न विचारले की मूल गप्प बसे, आणि त्या मौनाचा अर्थ मंदबुद्धी असा लावला जाई. रोडव्हिलची मुले नावे सांगण्यात तरबेज होती. परंतु पुढील इयत्तांत कल्पनेने उत्तर देण्याची वेळ आली की तीही मागे पडत.

हीथ ह्यांच्या साहाय्याने काही शिक्षकांनी आपल्या प्रश्नांची पद्धत बदलली. परिचित स्थळांची छायाचित्रे दाखवून 'येथे काय चालले आहे?', 'तू येथे गेला होतास काय?' असे ते विचारू लागले, आणि गप्प मुले बोलू लागली. त्यानंतर शाळेला लागणारे प्रश्नही त्यांना क्रमाने शिकविण्यात आले. 'शाळेने आपली भाषा सोडून द्यावी काय?' ह्या संभाव्य आक्षेपाचे उत्तर ह्या क्रमात आहे. शाळेची भाषा मुलाला मिळालीच पाहिजे. वाद आहे तो आरंभ कोठून करावा, एवढाच. खेदाची गोष्ट अशी की, त्या शिक्षकांच्या पद्धती पुढे जवळजवळ लुप्त झाल्याची नोंद हीथ ह्यांनाच ग्रंथाच्या शेवटी करावी लागली. एकेका शिक्षकाचे कौशल्य व्यवस्थेने आपलेसे केले नाही तर ते टिकत नाही. जिल्ह्याची जबाबदारी नेमकी येथे सुरू होते.

पालकांशी व्यवहार, शक्य तेथवर, त्यांना समजेल अशा भाषेत करावा, असे अमेरिकन कायदा सांगतो. ही तरतूद आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. सूचनापत्राचे भाषांतर होते. संभाषणाच्या रीतीचे होत नाही. ट्रॅक्टनचे मूल आणि त्याची शिक्षिका ह्या दोघांचीही भाषा इंग्रजीच होती.

हा विचार आपल्याकडे परका नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी वा माडिया बोलणारी माता ह्या समितीत सदस्य म्हणून बसू शकते. तिच्यासमोर प्रमाण मराठीतील इतिवृत्त ठेवून सही वा अंगठा घेतला की कायद्याचे पालन झाल्यासारखे दिसते. पण भागीदारीची कसोटी उपस्थितिपत्रकावर लागत नाही. ज्याचे उत्तर शाळेला आधी ठाऊक नाही असा एखादा प्रश्न तिला विचारला गेला काय, आणि तिच्या उत्तराने शाळेच्या कामात काही फरक पडला काय, ह्यावर ती लागते. ज्या शाळेला असा प्रश्न सुचत नाही, तिने 'भागीदारी' हा शब्द जपूनच वापरावा.