मुंगीचे बळ आणि ग्वेनची मान

जून १९३८ ही तारीख छापलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. लेखन जेरी सीगल यांचे, चित्रे जो शुस्टर यांची. नायकाची ओळख करून दिल्यावर लगेच, त्याच पानावर, त्याच्या ताकदीचे शास्त्रीय स्पष्टीकरण दिले आहे : मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, नाकतोडा त्याच्या आकाराच्या मानाने प्रचंड उडी मारतो; मग परग्रहावरच्या प्रगत माणसाने तसे केले तर नवल ते काय?

आपल्याकडच्या हनुमंताला समुद्र ओलांडताना असा दाखला कुणी मागितला नाही. यंत्रयुगातल्या अमेरिकी नायकाला मात्र जन्मतःच तो खिशात घेऊन यावे लागले. हा दाखला खरा की खोटा, एवढाच प्रश्न असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अशा दाखल्याने कथेचे काय होते, हे मला तपासायचे आहे.

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी कारकुनीची केली. शास्त्राची गोडी लागली ती सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्तात मिळालेल्या याकोव्ह पेरेलमन यांच्या मनोरंजक भौतिकशास्त्रावरील पुस्तकामुळे. एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसाला पेरेलमन एकच साधा प्रश्न विचारतात : त्याचे डोळेही पारदर्शक झाले, तर प्रकाश आत अडणार कुठे आणि त्याला दिसणार कसे? अदृश्य झालेला माणूस आंधळाच असायला हवा. हे वाचल्यावर वेल्सची कादंबरी माझ्यासाठी लहान झाली नाही, उलट अधिक भयानक झाली. कल्पित साहित्याला शास्त्राचा प्रश्न कसा विचारावा, याचा माझ्यापुरता वस्तुपाठ तोच.

आता मुंगीकडे वळू. गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवून दिले होते की आकार वाढला की बळ आणि वजन एकाच प्रमाणात वाढत नाहीत. स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, वजन घनफळावर. पाच मिलिमीटरची मुंगी ३०० पट वाढवून दीड मीटरची केली, तर तिचे बळ ९० हजार पट होईल आणि वजन २ कोटी ७० लाख पट. पूर्वी जी स्वतःच्या ५० पट वजन उचलत होती, तिला आता स्वतःच्या वजनाचा जेमतेम सहावा हिस्सा पेलेल. म्हणजे ती उभीही राहू शकणार नाही. पुढे भारताचे नागरिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निधन पावलेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी हाच मुद्दा १९२६ च्या एका निबंधात फार सुंदर मांडला आहे. सुपरमॅनच्या बारा वर्षे आधी!

तरीही हा दाखला ८० वर्षांहून अधिक काळ टिकला, कारण तो पुरावा म्हणून दिलेलाच नव्हता. त्याचे काम वाचकाची शंका शांत करण्याचे होते. अशा स्पष्टीकरणाला मी 'परवाना' म्हणतो. परवाना दाखवला की पुढे कुणी अडवत नाही.

परवान्याचे दुसरे उदाहरण फ्लॅशचे. १९५६ मध्ये बॅरी ॲलन हा नवा फ्लॅश आला. प्रकाशाच्या वेगाच्या फक्त एक टक्का वेगाने ७० किलोचा माणूस धावायचा, तर त्याला हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे पाचपट ऊर्जा लागेल. एका भाकरीचे २०० किलोकॅलरी धरले, तर सुमारे ३७ कोटी भाकऱ्या! हवेच्या घर्षणाने कपडे का जळत नाहीत, याला उत्तर म्हणून त्याच्याभोवती संरक्षक वलय आले. अखेर १९९० च्या दशकात लेखक मार्क वेड यांनी 'स्पीड फोर्स' आणला : सगळ्या वेगाचा एक अदृश्य साठा, ज्यातून फ्लॅशला ऊर्जा मिळते. शास्त्राची भाषा वापरून शास्त्रातून सुटका करून घेण्याचा हा मार्ग. कथा म्हणून त्यातून रंजक गोष्टी निघाल्या, हे मान्य. पण प्रत्येक शंकेला असे उत्तर तयार असले की नायकाला किंमत मोजावी लागत नाही.

मिनेसोटा विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स काकालिओस यांचे सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावरील पुस्तक २००५ मध्ये आले. त्यांची रीत वेगळी आहे. एक चमत्कार मान्य करायचा आणि मग पुढचा हिशेब मात्र चोख ठेवायचा. सुरुवातीचा सुपरमॅन उडत नसे, उडी मारत असे; एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर. त्यासाठी जमीन सोडताना ताशी सव्वादोनशे किलोमीटरचा वेग हवा. यावरून काकालिओस क्रिप्टॉनचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १५ पट ठरवतात. नेहमीच्या पदार्थांचा ग्रह असा असू शकत नाही. गाभ्यात न्यूट्रॉन ताऱ्याचे द्रव्य हवे, आणि असा ग्रह टिकणार नाही. क्रिप्टॉन फुटला का, याचे उत्तर सुपरमॅनच्या उडीत सापडते. याला परवाना म्हणता येणार नाही. हा परिणामांचा शोध आहे.

त्यांचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९७३ चे. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसीला पुलाच्या मनोऱ्यावरून खाली पाडतो. स्पायडरमॅनचे जाळे तिचे पाय पकडते, ती थांबते, आणि वर ओढल्यावर ती मेलेली असते. पुढे पत्रांच्या पानावर संपादकीय उत्तर आले : अचानक थांबल्याच्या झटक्याने ती गेली. काकालिओस ३०० फुटांची पडझड धरतात. वेग होतो ताशी सुमारे १५० किलोमीटर. अर्ध्या सेकंदात थांबवले, तर शरीराच्या वजनाच्या साडेआठ पटींहून अधिक बळ लागते. मान टिकणे अवघड.

इथे मला एक छोटी भर घालायची आहे. अंकातला मजकूर जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचा, पण गिल केन यांचे चित्र ब्रुकलिन पुलाचे आहे. पहिल्याचे मनोरे १८४ मीटर उंच, दुसऱ्याचे सुमारे ८४. म्हणजे चित्रातल्या पुलावरून ३०० फूट, अर्थात ९१ मीटर, पडायला जागाच नाही. पण निष्कर्ष बदलत नाही, कारण नियम सोपा आहे : पडण्याचे अंतर भागिले थांबण्याचे अंतर, तितक्या पट झटका. ९१ मीटर पडून साडेदहा मीटरमध्ये थांबली, तर जवळपास नऊपट. जितकी पडली तितक्याच अंतरात हळूहळू थांबली असती, तर फक्त एकपट. दोन्ही पुलांवर, निम्म्या उंचीच्या आत जाळे पोचले असते तर, तेवढी जागा होती. चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तसे जाळे सैल सोडायला हवे होते.

रविवारी आमच्या गल्लीतल्या आठवी-नववीच्या मुलांना मी विज्ञान शिकवतो. हे उदाहरण फळ्यावर मांडले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "काका, म्हणजे त्यानंच तिला मारलं ना?" मी म्हणालो, "गॉब्लिननं पाडलं." ती म्हणाली, "पण वाचवता आलं असतं. तुम्हीच आत्ता दाखवलंत." माझ्याकडे उत्तर नव्हते. काकालिओस यांच्या पुस्तकातून गणित उचलताना मी ते निर्दोष कोडे म्हणून उचलले होते. तिने मात्र कथा वाचली.

माझ्या मते समीक्षेची कसोटी इथेच आहे. मुंगीचा दाखला आणि स्पीड फोर्स नायकाला दोषमुक्त करतात. ग्वेनचे गणित त्याला दोषी ठरवते, आणि म्हणूनच ते साहित्याच्या कामाचे आहे. शास्त्र रसभंग करते, अशी तक्रार करणाऱ्या मित्रांना माझे हेच सांगणे आहे : रस जातो तो परवान्याने, हिशेबाने नव्हे. ताकद असूनही माणूस घाईत चुकतो आणि ज्याला वाचवायचे त्यालाच गमावतो, ही गोष्ट न्यूटनच्या नियमांनी आणखी खोल होते.

त्या मुलीला पुढच्या रविवारी मी एवढेच सांगितले, "त्याचा हेतू चांगला होता, दोरी मात्र ताठ होती." तिने ते वहीत लिहून घेतले. मग विचारले, "मग पुढच्या वेळी त्यानं सैल सोडली का?"