पशुवैद्यकाचा अभ्यास : एक जनावर की सारा कळप?

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, वेहळोली गावातील एका कुक्कुटपालन केंद्रात शंभराच्या आसपास कोंबड्या अचानक मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या एक किलोमीटर परिसरातील सुमारे २५,००० कोंबड्या मारून टाकण्याचे ठरले. अशा वेळी ज्या पक्ष्यांत आजाराचे एकही लक्षण नसते, त्यांनाही सूट मिळत नाही. त्या दिवसांत कल्याणच्या एका शिक्षिकेने मला विचारले, "जनावरांचे डॉक्टर धडधाकट कोंबड्या कशा मारतात, असं मुलं विचारतात. त्यांना काय सांगू?"

हा प्रश्न बारावीनंतर पशुवैद्यकाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. आजारी जनावर बरे करतो तो पशुवैद्य, ही व्याख्या त्यामागे आहे. ही व्याख्या चुकीची नाही, पण अर्धी आहे. माझी तक्रार अशी की, आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमाची बांधणीही मुख्यतः या अर्ध्या व्याख्येवरच झाली आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०१६ साली या पदवीसाठी किमान मानके ठरवली. त्यांनुसार अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे आंतरवासितेचे आहे. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र असे भक्कम विषय त्यात आहेत. आता समूहाच्या आरोग्याचा विचार कुठे येतो ते पाहू. साथरोगशास्त्राला स्वतंत्र विषयाचे स्थान नाही. दुधाची स्वच्छता, मांसाची तपासणी, जनावरांपासून माणसांना होणारे रोग आणि पर्यावरण-स्वच्छता यांच्याबरोबर ते एकाच विषयात बसवले आहे. त्यासाठी लागणारे संख्याशास्त्र तर वेगळ्याच घरी, आनुवंशिकी व पैदासशास्त्राकडे, नांदते आहे. म्हणजे रोग कसा पसरतो हे एकीकडे शिकायचे आणि ते मोजायचे कसे हे दुसरीकडे. या दोहोंमधला पूल विद्यार्थ्याने आपला आपण बांधायचा.

यामागे काही इतिहास आहे. जगातले पहिले पशुवैद्यकीय विद्यालय फ्रान्समध्ये लिऑन येथे १७६१ साली स्थापन झाले. त्यामागची एक मोठी प्रेरणा होती ती गुरांचे कळपच्या कळप नष्ट करणारी बुळकांडीची साथ. या शिक्षणाचा आरंभच मुळी समूहाच्या रोगातून झाला. आपल्याकडे मुंबईचे महाविद्यालय १८८६ साली परळला सुरू झाले ते तेथील पशुरुग्णालयाच्या सोबतीने. रुग्णालयाचा दरवाजा एका वेळी एकाच रुग्णासाठी उघडतो. आपल्या शिक्षणावर हा संस्कार खोल उमटला असावा, असे मला वाटते.

समूहाचा विचार केल्याने फरक काय पडतो? त्याचे उत्तर बुळकांडीच्याच शेवटात आहे. भारतात या रोगाविरुद्ध देशव्यापी लसीकरण १९५४ साली सुरू झाले. कोट्यवधी जनावरांना लस टोचली गेली, साथी पुष्कळ कमी झाल्या, पण रोग जाईना. मग विचार बदलावा लागला. विषाणू टिकून राहतो तो कोणत्या भागात, आणि जनावरांच्या कोणत्या वाटांनी तो पुढे सरकतो, हे शोधून प्रयत्न तिथे एकवटण्यात आले. १९९२ पासूनच्या राष्ट्रीय प्रकल्पात यावर भर होता. पुढचे पाऊल तर डॉक्टरी मनाला न पटणारे होते : लसीकरण थांबवायचे आणि गावोगाव रोगाचा शोध घ्यायचा. कारण लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातील प्रतिपिंडे आणि रोग होऊन गेलेल्या जनावराची प्रतिपिंडे यांत फरक करता येत नव्हता. सगळ्यांनाच लस टोचत राहिलो, तर रोग खरोखर गेला की लपून बसला, हे कळायचे कसे? भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. २०११ साली जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसाने समूळ नष्ट केलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग. त्यात लस बनवणाऱ्यांचा वाटा मोठा आहेच, पण मोजणी करणाऱ्यांचा त्याहून कमी नाही.

हे गणित समजायला महाविद्यालयात जाण्याचीही गरज नाही. ठाणे-डोंबिवलीच्या कोणत्याही शाळेच्या फाटकाबाहेर दिसणारी भटकी कुत्री घ्या. रेबीज आटोक्यात ठेवण्यासाठी ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हा आकडा का? पिसाळलेले एक कुत्रे सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देते. एकाचे दोन होतात असे धरले, तरी निम्मी कुत्री सुरक्षित असली की एकाचा एकच होईल आणि साथ वाढणार नाही. मग ५० पुरेत, ७० कशाला? समजा, शहरात १,००० कुत्री आहेत आणि ७०० जणांना लस दिली. वर्षभरात त्यांतली एक तृतीयांश मेली वा निघून गेली आणि त्यांच्या जागी तेवढीच नवी पिल्ले आली. वर्षाअखेर लस घेतलेली कुत्री उरतील सुमारे ४६७, म्हणजे निम्म्याच्या जरा खाली. वरचे २० टक्के या घसरणीची सोय म्हणून आहेत. लसीची मोहीम दरवर्षी का हवी, तेही यातूनच कळते. नववीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल असा हा हिशेब आहे. त्यात एकाही कुत्र्याच्या नाडीला हात लावलेला नाही, तरी तो पशुवैद्यकच आहे.

याच दृष्टीने पाहिले तर कल्याण-भिवंडीकडचे म्हशींचे तबेले हीसुद्धा उत्तम प्रयोगशाळा आहेत. तिथे गुजरात-हरियाणातून व्यालेल्या म्हशी येतात आणि दूध आटले की बाहेर जातात. समजा, शंभरावर म्हशींच्या अशा तबेल्यात ५ टक्के म्हशींना सांसर्गिक गर्भपाताचा रोग आहे. आपण दहा म्हशी तपासल्या, तर एकही रोगी न सापडण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के असते. म्हणजे दहांचा निर्दोष अहवाल हाती आला, तरी तबेला निर्दोष ठरत नाही. अशा तबेल्यात रोग सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर साठेक म्हशी तपासाव्या लागतात. हे ज्याला ठाऊक नाही, तो पशुवैद्य प्रत्येक म्हैस अचूक तपासूनही तबेल्याविषयी चुकीचा निष्कर्ष काढू शकतो.

याचा अर्थ रुग्णसेवेला कमी लेखावे असा मुळीच नाही. मुरबाडच्या शेतकऱ्याची अडलेली गाय जो रात्री येऊन मोकळी करतो, त्यालाच तो शेतकरी दुसऱ्या दिवशी सांगतो की शेजारच्या पाड्यावर दोन जनावरे तोंडाला फेस येऊन लंगडत आहेत. साथीची पहिली बातमी अशी विश्वासातून मिळते. उपचाराचे कौशल्य नसलेला साथरोगतज्ज्ञ नुसता कागदांवर बसून राहील. २०१६ च्या मानकांनी वर्षभराची आंतरवासिता ठेवली ती म्हणूनच योग्य. मागणी एवढीच आहे की, संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र हातात हात घालून यावेत, आणि आंतरवासितेत प्रत्येकाने निदान एका गावाच्या किंवा तबेल्याच्या जनावरांची नोंद, नमुना-तपासणी व निष्कर्ष हे काम स्वतः करावे. रुग्णाचा केसपेपर लिहायला जसा शिकवतात, तसा कळपाचाही शिकवावा.

शिक्षकांना तोवर थांबण्याचे कारण नाही. 'नीट'चे गुण पाहून एमबीबीएस नाही तर पशुवैद्यक, असे म्हणत आपल्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे अवश्य विचारावे : तुला प्राण्यांची आवड आहे, हे ठीक, गणिताचीही आहे का? आणि त्या शिक्षिकेच्या मुलांना सांगावे की, वेहळोलीच्या कोंबड्या मारणाऱ्यांपुढचा रुग्ण कोंबडी नव्हती. तो सारा परिसर होता : पुढच्या गावांतले पक्षी, त्यांच्यावर पोट असलेली माणसे आणि त्या विषाणूची बाधा होऊ शकणारे आपण सगळे. निर्णय क्रूर वाटतो, आणि तो घेणाऱ्यालाही तसा वाटला पाहिजे. पण तो समजून घेण्याचे शिक्षण त्याला विद्यापीठातच मिळायला हवे, साथ दाराशी आल्यावर नव्हे.