‘लेप्टोस्पायरोसिस’ : लिपीतील अक्षरे आणि उच्चारातील अवयव

२००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हा हे नाव मराठी वृत्तपत्रांतून वारंवार छापले गेले. हे नाव खेड्यातील माणसाच्या जिभेला पेलणारे नाही, असे मत अनेकदा ऐकू येते. भोर-वेल्ह्याकडील परिचित स्थलनामांच्या आधारे ते तपासून पाहिले असता टिकत नाही.

लिपीतील अक्षर आणि उच्चारातील अवयव, म्हणजे एका झटक्यासरशी उच्चारला जाणारा ध्वनिसमूह, या भिन्न गोष्टी होत. ‘भोर’ या नावात अक्षरे २, अवयव १ : भोर्. ‘तोरणा’मध्ये अक्षरे ३, अवयव २ : तोर्-णा. ‘राजगड’मध्ये अक्षरे ४, अवयव पुन्हा २ : राज्-गड्. ‘वेल्हे’ या नावात जोडाक्षर दिसत असले, तरी मराठीत ‘ल्ह’ हे एकच महाप्राण व्यंजन आहे; म्हणून फोड वे-ल्हे अशी होते, वेल्-हे अशी नव्हे.

हाच न्याय रोगनामाला लावावा. ले-प्टो-स्पा-य-रो-सि-स ही ७ अक्षरे वाचकाला अडवितात. कानाला मात्र लेप्-टोस्-पाय्-रो-सिस् असे ५ अवयवच ऐकू येतात. ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ झाले, कारण तेथे जोडव्यंजन शब्दारंभी होते. येथे ‘स्प’ मध्यभागी असल्याने स् मागील ‘टो’ला जाऊन मिळतो आणि अडचण उरत नाही. दोष जिभेचा नाही, शब्द अखंड छापणाऱ्या फलकाचा आहे.

काही विद्वान लेप्टो-स्पायर-ओसिस अशी फोड सुचवितील. ग्रीकमध्ये ‘लेप्टो’ म्हणजे बारीक, ‘स्पायरा’ म्हणजे वेटोळे. ‘ओसिस’ हा प्रत्यय रोगावस्था दाखवितो. ही फोड कोशकाराच्या कामाची आहे. उच्चार शिकणाऱ्याला ती उपयोगी नाही. ‘ओसिस’पाशी तो विनाकारण थांबेल.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. उंदीर व गुरे यांच्या मूत्रावाटे पाण्यात उतरलेले जंतू त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. भाताच्या खाचरात अनवाणी लावणी करणाऱ्याला हा धोका अधिक, आणि आरंभीची लक्षणे साध्या तापासारखीच. ज्याला नाव उच्चारता येते, तो दवाखान्यात त्या नावाने विचारू शकतो. इतरांचा ताप नुसता तापच राहतो. तेव्हा फलकावर हे नाव पाच अवयवांत फोडून छापावे. त्यांतला मधला अवयव योगायोगाने ‘पाय’ असाच ऐकू येतो, आणि चिखलात जपावयाचे तेही पायच. शिकविणाऱ्याने या योगायोगाचा उपयोग अवश्य करून घ्यावा.