चिलखताचा अंक : टेबलटॉप भूमिका-खेळांतील संरक्षण-नियमांची चिकित्सा

प्रत्येक युद्धखेळ संरक्षणाविषयी काही गृहीत धरून रचलेला असतो. ते गृहीतक मात्र नियमांत क्वचितच उघडपणे मांडलेले आढळते. सारीपाटात फुलीच्या घरातील सोंगटी मारता येत नाही. तेथे संरक्षण जागेचे आहे, सोंगटीचे नाही. (अक्षक्रीडेची परंपरा या प्रदेशाला नवी नाही, वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती फासे खेळताना दिसतात.) गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळाने संरक्षण पात्राच्या अंगावर आणले आणि एका अंकात बांधले. चिलखत नसलेल्याचा वर्ग ९, पूर्ण पोलादी चिलखत व ढाल धारण करणाऱ्याचा २. ही उलटी गणती २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सरळ केली. परंतु मूळ दोष कायम राहिला. घाव चुकविणे आणि घाव अंगावर घेऊन सोसणे या दोन भिन्न क्रिया एकाच अंकात मिसळल्या गेल्या.

शिवाय या अंकाचे मोल सर्वत्र सारखे नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ढालीमुळे बचावात २ ची भर पडते. फाशाच्या दानात ५ मिळविणाऱ्या हल्लेखोराचा घाव १० बचावाच्या पात्राला वीसपैकी १६ वेळा लागतो, ढाल घेतल्यावर १४ वेळा. म्हणजे घाव एक-अष्टमांशाने घटतात. १८ बचावाच्या चिलखतधाऱ्याबाबत मात्र तीच ढाल ८ घावांचे ६ करते, म्हणजे एक-चतुर्थांश घट. जो आधीच सुरक्षित, त्यालाच ढाल दुप्पट फळते. समतोलाच्या चर्चेत हा मुद्दा पुरेसा गांभीर्याने घेतला जात नाही.

'रूनक्वेस्ट' (१९७८) या खेळाने घाव लागणे आणि चिलखताने तो शोषणे वेगळे केले. कल्पना अधिक सच्ची आहे. पण सहा गुण शोषणाऱ्या चिलखतापुढे सहापर्यंतच इजा करणारे शस्त्र निष्प्रभ ठरते. म्हणून चिलखत भेदणाऱ्या निर्णायक घावाची वेगळी सोय करावी लागली. त्यामुळे हिशेब वाढतो, डाव रेंगाळतो. खेळाच्या गतीसाठी एकच अंक पत्करण्यात गैर नाही, मात्र त्याला वास्तवदर्शी म्हणू नये.

दोन्ही पद्धती क्षणाच्या आघाताचा विचार करतात, काळाचा नाही. देवगिरीचे उदाहरण येथे बोलके आहे. आजचे बरेचसे तट नंतरच्या राजवटींतील असले, तरी डोंगराचा उभा कडा १२९६ मध्येही दुर्गम होता. अलाउद्दीनाने वेढा घातला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य दूर होते. आणि फरिश्ताच्या वृत्तांतानुसार गडावर धान्याची म्हणून नेलेली पोती मिठाची निघाली. रामचंद्रदेवाला तह करावा लागला. कडा अभेद्यच राहिला होता. ओझ्याने चाल मंदावण्याचा नियम १९७४ पासून उपलब्ध आहे. शिधा आणि चिलखत यांतून निवड करण्यास खेळाडूला भाग पाडणारा तोच नियम कंटाळवाणा म्हणून अनेकदा वगळला जातो.