थिन क्लायंट प्रणालीचे अर्थकारण : एलटीएसपीचे चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना :
महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत जुनी यंत्रे साठत जातात आणि नव्या यंत्रांसाठी निधी अपुरा पडतो. या अडचणीवर थिन क्लायंट पद्धतीचा उपाय वारंवार सुचविला जातो. एक सक्षम सर्व्हर घ्यावा, हार्ड डिस्क नसलेली जुनी यंत्रे त्यास जोडावीत व खर्च वाचवावा, असा हा युक्तिवाद आहे. जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट', म्हणजेच एलटीएसपी, हे या पद्धतीचे परिचित मुक्त-स्रोत उदाहरण होय. या पद्धतीत खर्च खरोखर वाचतो की केवळ स्थलांतरित होतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

कार्यपद्धती :
यंत्र सुरू होताच नेटवर्क कार्डातील पीएक्सई ही आज्ञावली डीएचसीपी सर्व्हरकडे आयपी पत्ता मागते. उत्तरात पत्त्याबरोबर बूट-फाइलचे नावही येते. ती फाइल व लिनक्सचे कर्नल टीएफटीपीद्वारे उतरवून घेतले जाते. पुढील फाइलप्रणालीही नेटवर्कवरूनच मिळते. नेटवर्कवर आधीच राउटरचे डीएचसीपी चालू असल्यास यंत्रास पत्ता मिळतो, परंतु बूट-फाइल मिळत नाही. उभारणीतील हा नेहमीचा अडसर केवळ बूटविषयक माहिती पुरविणाऱ्या प्रॉक्सी डीएचसीपीने दूर होतो.

मूल्यमापन :
या रचनेचा गुण निर्विवाद आहे. आज्ञावली एकदाच बसवावी लागते आणि विद्यार्थ्याच्या फाइली सर्व्हरवर असल्याने तो कोणत्याही यंत्रावर बसून काम पुढे नेऊ शकतो. तथापि मूळ रचनेत सर्व गणनकार्य सर्व्हरवर होत असे. तत्कालीन मार्गदर्शिकेतील सूत्रानुसार सर्व्हरला २५६ मेगाबाइट अधिक प्रत्येक यंत्रामागे १९२ मेगाबाइट रॅम लागे. म्हणजे २० यंत्रांसाठी ४०९६ मेगाबाइट. यंत्रांवर वाचविलेला पैसा अशा प्रकारे सर्व्हरकडे वळतो.

नेटवर्कची मर्यादा याहून कठोर आहे. ८०० × ६०० बिंदूंचे, प्रतिबिंदू २ बाइटचे चित्र सेकंदास २५ वेळा पाठवायचे झाल्यास एका यंत्रासाठीच १९२ मेगाबिट प्रतिसेकंद वेग लागतो. १०० मेगाबिटच्या जोडणीवर हे अशक्यच. अक्षरजुळणीस उत्तम ठरलेली प्रयोगशाळा चित्रफीत दाखविताना अडखळे, त्याचे कारण येथे आहे.

२०१९ मध्ये एलटीएसपीचे नव्याने लेखन झाले. त्यात सर्व्हर संकुचित केलेली प्रणाली-प्रतिमा पुरवितो. आज्ञावल्या मात्र यंत्राच्या स्वतःच्या प्रोसेसरवर व रॅमवर चालतात. चित्रफितीचा प्रश्न यामुळे सुटला, परंतु ज्या अतिजुन्या यंत्रांच्या नावाने ही पद्धती स्वीकारली गेली तीच तिच्या कक्षेबाहेर गेली. आज वाचतो तो यंत्रांवरील खर्च नव्हे, तर देखभालीचे श्रम होत. प्रस्ताव लिहिताना हा भेद क्वचितच नोंदविला जातो.

शिवाय केंद्रीकरणाची किंमत कायमच राहते. स्वतंत्र यंत्र बिघडले तर एक विद्यार्थी थांबतो. सर्व्हर बिघडला, आणि तोही प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी, तर संपूर्ण तुकडी थांबते. सर्व्हरची मांडणी ठाऊक असलेली एकमेव व्यक्ती बदलून गेली, तर सुस्थितीतील यंत्रेही निरुपयोगी ठरतात.

निष्कर्ष :
थिन क्लायंट पद्धती त्याज्य नाही. तिचे समर्थन मात्र चुकीच्या आधारावर केले जाते. ती स्वस्त यंत्रांची योजना नसून सामायिक देखभालीची योजना आहे. म्हणून तिच्या अंदाजपत्रकात गिगाबिट स्विच, दुसऱ्या डिस्कवरील नियमित प्रत, मांडणीची लेखी नोंद आणि प्रशिक्षित अशा किमान दोन व्यक्ती यांचा समावेश असावा. हे चार घटक वगळून दाखविलेली बचत म्हणजे पुढील वर्षावर ढकललेला खर्च होय आणि तो अखेरीस विद्यार्थ्यांच्या बुडालेल्या तासिकांतून वसूल होतो.