दाराला फळ्या ठोकल्यावर

"झोंबी आले तर तुझा प्लॅन काय?" हा खेळ तुम्ही कधी ना कधी खेळलेला असणार. रात्रीचा एक वाजलेला असतो, पिझ्झ्याचे खोके रिकामे झालेले असतात आणि कुणीतरी हा प्रश्न टाकतो. मग सगळे आपापलं घर लढवायला लागतात. कपाट दारापुढे सरकवायचं, बाथटब पाण्याने भरून ठेवायचा, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या. आपल्यातले बहुतेक जण भाड्याने राहतात, त्यामुळे कुणीतरी हमखास आठवण करून देतं की भिंतीला एक खिळा ठोकला तरी डिपॉझिट जाईल. हशा होतो आणि खेळ तिथेच संपतो.

मला वाटतं तो नेमका तिथून सुरू व्हायला हवा. या खेळात आपण दार किती पक्कं आहे एवढंच बघतो. ज्या पुस्तकांनी आणि सिनेमांनी हा खेळ आपल्या हातात दिला, ती मात्र तीन वेगळे प्रश्न विचारतात. दार लावलं तेव्हा आत कोण होतं? बाहेर कोण राहिलं? आणि बाहेरून बघणाऱ्याला आतला माणूस कोण वाटतो? हा तिसरा प्रश्न परदेशात राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला सगळ्यात जवळचा आहे. (पुढे बऱ्याच गोष्टींचे शेवट सांगणार आहे, आधीच सांगून ठेवतो.)

आधी एक लक्षात घ्या. झोंबी मुळात घरावर चालून येणारा प्राणी नव्हताच. ही कल्पना हैतीची, उसाच्या मळ्यांवरच्या गुलामगिरीच्या आठवणीतून आलेली. तिथे लोकांना झोंबीची भीती कमी आणि आपणच झोंबी होण्याची भीती जास्त. मेल्यावरही सुटका नाही, कुणीतरी उठवून पुन्हा राबायला लावणार, ही ती भीती. त्यात घराला तटबंदी करायचा प्रश्नच येत नाही. ज्याच्याकडे राखायला घर असतं, त्याच्या डोक्यातली भीती वेगळी असते, आणि ती या कथेत नंतर आली.

ती आली रिचर्ड मॅथेसनच्या 'आय ॲम लेजंड' या १९५४ सालच्या कादंबरीतून. त्यातले शत्रू झोंबी नाहीत, रक्तपिपासू व्हॅम्पायर आहेत, पण घर लढवण्याचा सगळा साचा इथलाच. लॉस एंजेलिसमधलं एक साधं उपनगरी घर. नायक रॉबर्ट नेव्हिल खिडक्यांवर फळ्या ठोकतो, लसणाच्या माळा लावतो, वीज गेली म्हणून जनरेटर बसवतो, बाहेरचा आरडाओरडा ऐकू येऊ नये म्हणून आत मोठ्याने रेकॉर्ड लावतो. दिवसभर दुरुस्त्या, रात्रभर पहारा. आणि या तपशिलांमध्ये मॅथेसन एक वाक्य सहज टाकून जातो, ज्याच्याकडे वाचकाचं लक्षही जाऊ नये: शेजारच्या छपरांवरून कुणी उडी मारून येऊ नये म्हणून नेव्हिलने दोन्ही बाजूंची घरं जाळून टाकलेली आहेत.

इथे जरा थांबा. आपण ज्याला प्लॅन म्हणतो त्याची पहिली पायरी बघा. घर सुरक्षित करायचं तर शेजार नाहीसा करावा लागला. कादंबरीच्या शेवटी कळतं की बाहेर एक नवा समाज उभा राहिला आहे. त्यांच्या लेखी रात्रीचा राक्षस हा नेव्हिलच आहे, कारण ते झोपलेले असताना दिवसाढवळ्या येऊन मारून जाणारा तोच. रात्रीमागून रात्री घर टिकतं, पण त्या घराभोवती जग राहत नाही.

जॉर्ज रोमेरोने ही कादंबरी वाचली होती, आणि आपल्या सिनेमाची प्रेरणा तिथली हे तो उघड मान्य करायचा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा त्याचा १९६८ सालचा सिनेमा कृष्णधवल आहे आणि पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळ अगदी थोड्या पैशांत काढलेला. त्यात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. तरीही आजचा झोंबी, हळू चालणारा, माणसं खाणारा, घराला वेढा घालणारा, तो इथलाच.

या सिनेमातलं घर त्यातल्या एकाचंही नाही. सात माणसं तिथे अडकतात आणि सातही उपरी. घरमालकिणीचं प्रेत वरच्या मजल्यावर पडलेलं असतं. बेन हा कृष्णवर्णीय तरुण टेबल मोडतो, आतल्या खोल्यांची दारं उतरवतो, खिळे शोधतो आणि एकेक खिडकी बंद करत जातो. ही दृश्यं रोमेरोने सावकाश घेतली आहेत. हातोड्याचा आवाज, फळी वाकडी बसणं, पुन्हा ठोकणं. बघताना आपल्यालाही बरं वाटतं, काहीतरी होतंय असं वाटतं. घर लढवण्याच्या खेळातली सगळी मजा त्या हातोड्यात आहे.

मग तळघराचं दार उघडतं. आत हॅरी कूपर, त्याची बायको, त्यांची आजारी मुलगी आणि एक तरुण जोडपं. इतका वेळ वर बार्ब्रा आणि बेन जिवाच्या आकांताने झगडत असताना ही मंडळी खाली गप्प बसून होती. हॅरीचं म्हणणं, सगळ्यांनी तळघरात जावं, एकच दार सांभाळायचं. बेन म्हणतो, तळघर म्हणजे सापळा, मागे पळायला वाट नाही. उरलेला सिनेमा या भांडणाचाच आहे.

चाहते अजून वाद घालतात की बरोबर कोण होतं. शेवटी बेन तळघरात शिरूनच रात्र काढतो, म्हणजे हॅरी बरोबर, असं बरेच जण म्हणतात. मला हे वाचन घाईचं वाटतं. हॅरीच्या मुलीला आधीच चावा बसलेला आहे. सगळे खाली गेले असते, तर तिच्यासोबत कोंडले गेले असते. आणि वर राहिले तर काय होतं ते आपण बघतोच: वीज जाते, बाहेरचे फळ्यांना भिडतात, सगळ्यांनी मिळून त्या धरून ठेवायच्या त्याच क्षणी हॅरी बंदूक बळकावतो. बेन ती हिसकावून त्याला गोळी घालतो. खाली ती मुलगी स्वतःच्या आईला मारते. कुंपणच शेत खातं, असं आपण म्हणतो. इथे कुंपण आहे तिथेच असतं, शेत आतून संपतं.

याच्याशेजारी मॅक्स ब्रुक्सचं 'द झोंबी सर्व्हायव्हल गाइड' (२००३) ठेवून बघा. पुस्तक गमतीचं आहे, पण गंमत करतोय असं एकदाही न दाखवता लिहिलेलं. वरच्या मजल्यावर राहा आणि जिना तोडून टाका, हा त्यातला सल्ला खरंच हुशार आहे. पाणी साठवा, आवाज करू नका, उजेड बाहेर जाऊ देऊ नका. त्यानंतर अशा याद्यांचं पेव फुटलं. याद्यांबद्दल माझी तक्रार एकच. त्या घराची गणना करतात, घरातल्यांची करत नाहीत. पाणी किती लिटर ते असतं. हॅरीसारखा काका घरात असेल तर काय करायचं, ते नसतं. उजेड बाहेर जाऊ देऊ नका, या सल्ल्याचंही दुसरं टोक बघायला हवं.

ते दुसरं टोक '२८ डेज लेटर' या २००२ सालच्या ब्रिटिश सिनेमात आहे. लंडनमधल्या एका उंच टॉवर ब्लॉकमध्ये फ्रँक हा टॅक्सीवाला आणि त्याची मुलगी हॅना राहतात. तुमच्या-माझ्यासारखाच फ्लॅट, वरच्या मजल्यावरचा. जिन्यात सुपरमार्केटच्या ट्रॉल्यांचा ढीग रचून वाट अडवलेली. गच्चीवर पावसाचं पाणी धरायला बादल्याच बादल्या, आणि इंग्लंडात असूनही पाऊस नाही. यादीप्रमाणे सगळं बरोबर. पण फ्रँकने एक 'चूक' मुद्दाम केली आहे: रात्री खिडकीत रंगीत दिवे लावले आहेत. ते बघूनच जिम आणि सेलिना तिथवर पोहोचतात. फ्रँकला पक्कं माहीत आहे की पाणी संपतंय, आणि एकटा बाप मुलीला यातून बाहेर काढू शकणार नाही. त्याला माणसं हवी आहेत, म्हणून तो दिवे लावतो.

याच सिनेमात सर्वांत भक्कम घर पुढे येतं, मँचेस्टरजवळचा एक बंगला. भिंती, सुरुंग, झगझगीत दिवे, बंदुका घेतलेले सैनिक. मुलींना सगळ्यात मोठा धोका त्या बंगल्याच्या आत आहे, त्या सैनिकांकडून. ट्रॉल्यांचा जिना आणि हा बंगला एकाच सिनेमात ठेवणं हा माझ्या मते डॅनी बॉइल आणि लेखक ॲलेक्स गार्लंड यांचा सगळ्यात नेमका निर्णय आहे.

आपल्याकडे आदित्य सरपोतदारने 'झोंबिवली' (२०२२) काढला तेव्हा हा प्रश्न डोंबिवलीत आला. तिथे एकटं घर हा प्रकारच नाही, सोसायटी आहे. टॉवर, गेट, आणि गेटाबाहेरची वस्ती, जिच्या पाण्याचा प्रश्न टॉवरवाल्यांनी कधी आपला मानला नाही. सिनेमा विनोदाच्या नादात बऱ्याचदा घसरतो, पण एक गोष्ट त्याला पक्की कळली आहे: झोंबी यायच्या खूप आधीच आपण कुणाला गेटाबाहेर ठेवायचं ते ठरवून टाकलेलं असतं.

आता तिसरा प्रश्न. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये सकाळ होते. बेन वाचला आहे. बाहेर शेरीफ आणि बंदुका घेतलेले स्थानिक लोक शेतं साफ करत येतात. आवाज ऐकून बेन तळघरातून वर येतो, खिडकीशी जातो. लांबून कुणाला तरी खिडकीत एक आकृती दिसते. गोळी सुटते, कपाळात लागते. त्याला ओढून नेतात आणि इतर प्रेतांबरोबर जाळतात. संहितेत बेनचा वर्ण लिहिलेला नव्हता. ड्वेन जोन्सने ऑडिशन सगळ्यात चांगली दिली म्हणून त्याला घेतलं, असं रोमेरो सांगायचा. पण पडद्यावर जे दिसतं ते दिसतंच. सिनेमा आला ते वर्ष मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचं होतं.

आपण हा सिनेमा घराच्या आत बसून बघतो, बेनच्या बाजूने. म्हणून शेवट धक्का देतो. पण आपण खरंच नेहमी आत असतो का? १९९२ साली लुइझियानातल्या बॅटन रूज गावात सोळा वर्षांचा एक जपानी एक्स्चेंज विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता. पत्ता चुकला आणि त्याने भलत्याच घराची बेल वाजवली. घरातले घाबरले. घरमालक बंदूक घेऊन दारात उभा राहिला, 'फ्रीझ' म्हणून ओरडला. मुलगा थांबला नाही, पुढे आला, आणि त्याला गोळी लागून तो मेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. त्या घराचं दार भक्कमच होतं. आत कुणालाही इजा झाली नाही. सुरक्षित घराच्या सगळ्या कसोट्यांवर ते घर पास झालं.

दारापुढचा तो पोरगा तुमच्या वयाचा होता. परक्या भाषेत, परक्या गल्लीत पत्ता शोधणारा. कुरियरचं पार्सल चुकून शेजारी गेलं म्हणून अंधार पडल्यावर अनोळखी दाराची बेल वाजवताना तुम्हीही दोन पावलं मागे सरकून उभे राहत असाल, हात दिसतील असे. मी तरी राहतो. हे कुणी शिकवलेलं नाही. म्हणून घर लढवण्याच्या खेळात आपण कायम फळ्यांच्या आतल्या बाजूला असू हे गृहीत धरणं मला जमत नाही.

मग करायचं काय? गंमत म्हणजे एक बरं उत्तर सरकारी खात्याने दिलं आहे. अमेरिकेच्या सीडीसीने २०११ च्या मे महिन्यात झोंबींसाठी तयारी कशी करावी यावर एक लेख टाकला, आणि तो वाचायला इतकी झुंबड उडाली की त्यांची साइटच बंद पडली. हेतू साधा होता, वादळ-भूकंपाची तयारी लोकांनी करावी. त्यात पाणी आहे, माणशी दिवसाला एक गॅलन. औषधं आहेत, कागदपत्रं आहेत. आणि त्याबरोबर हे आहे: घरच्यांनी भेटायची जागा आधी ठरवा, कुणाकुणाला फोन करायचा त्याची यादी करा. म्हणजे घर सोडावं लागेल आणि दुसऱ्यांची गरज पडेल, हे त्यांनी धरूनच चाललंय. नेव्हिलच्या घरापेक्षा हे फ्रँकच्या खिडकीच्या जास्त जवळचं आहे.

आपल्या भाड्याच्या घराला तटबंदी करणं करारानुसारही शक्य नाही, आणि खरं तर बरंच आहे ते. पण खालच्या मजल्यावर कोण राहतं, त्यांचं नाव काय, त्यांना आपलं नाव माहीत आहे का, हे बघायला मालकाची परवानगी लागत नाही. बेनला त्या गावात नावाने ओळखणारं एक जरी माणूस त्या घोळक्यात असतं, तर गोळी झाडायच्या आधी कुणीतरी हाक मारली असती.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' फुकट बघता येतो. नाव बदलताना वितरकाकडून कॉपीराइटची ओळ राहून गेली, त्यामुळे अमेरिकेत तो कुणाच्याच मालकीचा उरला नाही. आधी पाहिला असेल तरी शेवटची दहा मिनिटं पुन्हा बघा. या वेळी घराच्या आतून नको, शेतातून चालत येणाऱ्या त्या माणसांच्या बाजूने बघा. त्यांना खिडकीत काय दिसतं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.